घराण्याबाहेरच्या गिटारी

१९६२ साली अमेरिकेतल्या सीअर्स रोबकच्या कॅटलॉगात ६७ डॉलर ९५ सेंटला एक इलेक्ट्रिक गिटार मिळत होती. नाव सिल्व्हरटोन, मॉडेल १४४८. तिची पेटी हाच तिचा ॲम्प्लिफायर. पेटीच्या आतच व्हॉल्व्ह आणि पाच इंची स्पीकर बसवलेला. पेटी उभी करायची, वायर जोडायची, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं आणि वाजवायला लागायचं. शिलाई मशीन, बूट, पडद्याचं कापड जिथून मागवायचं, तिथूनच हीही मागवायची. पोराचं खूळ दोन महिन्यांत उतरेल अशा हिशोबाने आईबापांनी ती घेतली आणि पुष्कळ घरांत ते उतरलंही. मग ती माळ्यावर गेली आणि तिथेच राहिली.

या गिटारीच्या अंगात लाकूड तसं बेताचंच. पॉप्लरच्या पट्ट्यांची चौकट, तिच्यावर पुढून-मागून चिकटवलेला मेसोनाइट, म्हणजे आपल्याकडे ज्याला हार्डबोर्ड म्हणतात तो. कडेचा जोड झाकायला रेक्झिनसारखी पट्टी. तारांचं कंपन पकडून त्याची वीज करणारा पिकअप बसवला होता चक्क लिपस्टिकच्या नळीत, कारण सौंदर्यप्रसाधनांसाठी त्या नळ्या ढिगाने बनत आणि स्वस्त पडत. कुठल्याही जातिवंत वाद्यकाराने हे ऐकून कपाळाला हात लावला असता. पण ती नीट तारा लावून वाजवली की जो आवाज निघतो, तो दहापट किमतीच्या गिटारीतूनही काढता येत नाही. काचेवर नाणं वाजावं तसा स्वच्छ आणि थोडा पोकळ.

हे पुस्तक अशा गिटारींविषयी आहे. यात १९५९ ची लेस पॉल नाही, १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर नाही. फेंडर आणि गिब्सन या दोन घराण्यांवर भरपूर लिहिलं गेलंय, आणि त्यांच्या जुन्या गिटारी घ्यायच्या तर राहतं घर विकावं लागेल. मला ओढ आहे ती या घराण्यांची तालीम न मिळालेल्या लोकांनी केलेल्या वाद्यांची. रेडिओ दुरुस्त करणारे, अकॉर्डियन बनवणारे, फायबरग्लासचे साचे ओतणारे लोक गिटारीच्या धंद्यात शिरले, तेव्हा त्यांनी आपापल्या हातातली विद्या सोबत आणली. या वाद्यांचं वेगळेपण त्या विद्येत आहे आणि ते वाजवल्याशिवाय कळत नाही. भिंतीवर टांगलेली टेस्कोची जपानी गिटार म्हणजे फक्त विचित्र आकार. तिचा संग्रह करायचा असेल तर ती वाजती करणं ही पहिली अट, असं माझं ठाम मत आहे, आणि पुढची सगळी प्रकरणं याच मताच्या आधाराने लिहिली आहेत.

सिल्व्हरटोनमागचा माणूस नेथन डॅनिएल. तो मुळात ॲम्प्लिफायरवाला. १९४७ साली त्याने न्यू जर्सीत डॅनइलेक्ट्रो कंपनी काढली आणि १९५४ पासून गिटारी करायला घेतल्या, त्याही बहुतांश सीअर्ससाठी. त्याचा विचार इलेक्ट्रिशियनचा होता. आवाज तार आणि पिकअप यांच्यात जन्मतो, मग महागडं लाकूड कशाला? लाकडाला काहीच अर्थ नसतो असं मी म्हणणार नाही. पण डॅनिएलच्या हार्डबोर्डाने या वादात जी साक्ष दिली, ती खोडून काढणं अवघड आहे. लेड झेपलिनच्या मैफलींत ‘कश्मीर’ वाजवताना जिमी पेज आपली लेस पॉल बाजूला ठेवून डॅनइलेक्ट्रो हातात घेत असे. डॅनिएलची आणखी एक हुशारी म्हणजे दोन पिकअप एकत्र लावले की तो ते सिरीजमध्ये जोडायचा. इतर बहुतेक गिटारींत ते पॅरललमध्ये जोडलेले असतात. त्यामुळे डॅनइलेक्ट्रोचं मधलं बटण सर्वांत जोरात आणि भरदार बोलतं. फेंडरची सवय असलेला माणूस तिथे पहिल्यांदा दचकतो.

शिकागोच्या व्हॅल्को कंपनीने साधारण या सिल्व्हरटोनच्याच सुमारास लाकूड जवळजवळ सोडूनच दिलं. फायबरग्लासची दोन कवचं साच्यातून काढायची, मध्ये पट्टी घालून जोडायची आणि त्याला रेझोग्लास असं भारदस्त नाव द्यायचं. नॅशनल आणि सुप्रो ही नावं व्हॅल्कोची. माँटगोमेरी वॉर्डच्या दुकानांसाठी त्याच कारखान्यातून एअरलाइन नावाच्या गिटारी जात. नॅशनलच्या काही मॉडेलांचा आकार अमेरिकेच्या नकाशासारखा आहे. लाल रेझोग्लासची एअरलाइन पुढे व्हाइट स्ट्राइप्सच्या जॅक व्हाइटच्या गळ्यात दिसली आणि तिचे भाव चढले ते चढलेच.

पण मला सर्वांत लोभस वाटते ती अकॉर्डियनवाल्यांची गोष्ट. इटलीत कास्तेलफिदार्दो आणि त्याच्या आसपासची गावं पिढ्यान्‌पिढ्या अकॉर्डियन बनवत. रॉक अँड रोल आला आणि तरुणांनी अकॉर्डियनकडे पाठ फिरवली. कारखान्यांत चकाकणाऱ्या सेल्युलॉइडचे ताव होते, ते वळणदार लाकडावर बिनसुरकुती चढवणारे कारागीर होते, स्वर बदलणारी बटणं करण्याची यंत्रं होती. लेओपार्दी या कवीच्या रेकानाती गावात ओलिव्हिएरो पिजिनीने एको नावाची कंपनी काढली ती याच जोरावर. एकोची गिटार बघा: अंगावर चमचमतं प्लास्टिक, आणि पिकअप निवडायला अकॉर्डियनसारखी बटणांची रांग. गिटार वाजवणाऱ्याला एवढी बटणं लागत नाहीत. ती तिथे आली कारण ती करता येणारे हात तिथे होते. स्वीडनच्या एल्व्हदालेनमध्ये हागस्ट्रॉमचंही तेच झालं. मूळचा धंदा अकॉर्डियनचा, आणि १९५८ मधल्या त्यांच्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारी तशाच चमचमत्या.

इटलीत यांच्याहून निराळा एक होता, आंतोनिओ पिओली. सगळे त्याला वान्द्रे म्हणत. काव्रियागो गावात त्याने गोल आकाराचा कारखाना बांधला आणि साधारण दहा वर्षं अशा गिटारी केल्या की त्या चित्रकाराने बनवल्यात की शिल्पकाराने, असा प्रश्न पडावा. नेक ॲल्युमिनियमचा, रंग एकमेकांत ओघळलेले, एका मॉडेलला ब्रिजिट बार्दोच्या नावाची आद्याक्षरं, दुसऱ्याच्या अंगाला जोडलेला अंड्यासारखा ॲम्प्लिफायर. मला त्याच्या सगळ्या गिटारी आवडत नाहीत. काही मांडीवर धड बसत नाहीत. पण ॲल्युमिनियमच्या नेकमुळे तारेचा नाद जसा रेंगाळतो, तो एकदा ऐकला की माणूस गप्प बसतो.

जपानची कथा मोठी आहे आणि तिला स्वतंत्र प्रकरण दिलंय. टेस्को १९४६ साली सुरू झाली. एक संस्थापक, आत्सुओ कानेको, हवाईयन गिटार वाजवणारा, आणि दुसरा, दोर्यू मात्सुदा, विद्युत अभियंता. १९६५ मध्ये व्हेंचर्स बँडच्या दौऱ्यानंतर जपानी पोरांना इलेक्ट्रिक गिटारीने अक्षरशः झपाटलं, आणि त्याच वेळी अमेरिकेतून मागणी येत होती. ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री एड सलिव्हनच्या कार्यक्रमात बीटल्स दिसले. ७ कोटींहून अधिक लोकांनी ते पाहिलं असं म्हणतात. त्यानंतर ज्याच्याकडे करवत होती तो गिटार कापायला बसला. टेस्कोने अंगात धरायला भोक पाडलेल्या गिटारी केल्या, अंगातच स्पीकर असलेल्या केल्या, १९६६ मध्ये रंगीत स्विचांची रांग असलेली स्पेक्ट्रम ५ केली. हा सगळा बहर तीन-चार वर्षांचा. १९६७ मध्ये टेस्को कावाईने विकत घेतली, १९६८ मध्ये के ही गिटार कंपनी आणि व्हॅल्को बुडाल्या, १९६९ मध्ये डॅनइलेक्ट्रोला टाळं लागलं. पोरं मोठी झाली होती आणि बाजारात माल तुंबला होता.

टेस्कोच्या ज्या पिकअपला आज सोन्याचा भाव आहे, त्यावर खरोखरच सोनेरी पत्रा आहे. शोभेचा, जाळीखाली झळकणारा. त्याला गोल्ड-फॉइल म्हणतात. आतला चुंबक म्हणजे रबरात चुंबकीय भुकटी मिसळून केलेली साधी पट्टी. वेटोळं मेणात बुडवून घट्ट करण्याचा खर्च वाचवलेला, त्यामुळे पिकअपच्या जवळ तोंड नेऊन बोललात तर तुमचा आवाज ॲम्प्लिफायरमधून ऐकू येतो. कारखान्याच्या दृष्टीने ही काटकसर. वाजवणाऱ्याच्या दृष्टीने बोटांचं घासणं, तारेवर नखाचा स्पर्श, सगळं जिवंत पोचवणारा कान. विश्वमोहन भट्टांबरोबरच्या १९९३ च्या रेकॉर्डमुळे आपल्याकडेही ठाऊक झालेल्या राय कूडरने आपल्या स्ट्रॅटोकास्टरमधला मूळ पिकअप काढून तिथे टेस्कोचा बसवला आणि स्लाइडचा असा आवाज काढला की अर्ध्या जगाने त्याची नक्कल केली. त्याचा परिणाम मात्र वाईट झाला. लोक टेस्कोच्या गिटारी घेऊन पिकअप उपटतात, वेगळे विकतात आणि उरलेलं धूड फेकून देतात. मला याचा संताप येतो. त्या पिकअपचा स्वभाव त्या हलक्या अंगावर, त्या बारक्या ब्रिजवर घडलेला आहे. तो एकटा सोलून घेणं म्हणजे पदार्थातला फक्त वेलदोडा खाणं.

आता जवारीकडे येतो. कारण मराठी वाचकाला या सगळ्या प्रकारात ओळखीचा सूर सापडेल तो इथे. १९६५ च्या डिसेंबरात बीटल्सच्या ‘रबर सोल’मध्ये जॉर्ज हॅरिसनची सतार ऐकू आली आणि न्यूयॉर्कच्या स्टुडिओंतून सतारीची मागणी सुरू झाली. पण सतार शिकायला वर्षं लागतात आणि स्टुडिओत तासावर पैसे मोजतात. स्टुडिओत वाजवणारा गिटारवादक व्हिन्सेंट बेल आणि डॅनइलेक्ट्रो यांनी १९६७ मध्ये यावर तोड काढली: कोरल इलेक्ट्रिक सतार. सहा तारा गिटारीच्याच, गिटारीसारख्याच लावलेल्या, पण ब्रिज रुंद आणि सपाटीकडे झुकणारा. तार त्याच्या अंगावरून सरकताना घासते आणि झणझणते. शिवाय तरफेच्या १३ तारा, त्यांना वेगळा पिकअप.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कानस घेऊन बसलेला कारागीर जवारी काढताना काय करतो? घोडीचा माथा इतका सूक्ष्म उताराचा करतो की तार सुटताना तिच्या कंपनाची लांबी क्षणोक्षणी बदलत राहते आणि वरचे स्वर एकामागून एक उमलतात. बेलच्या ब्रिजचं तत्त्व नेमकं तेच आहे. फरक एवढाच की मिरजेत जवारी प्रत्येक वाद्याच्या आणि वाजवणाऱ्याच्या मिजाशीप्रमाणे निघते, आणि न्यू जर्सीत ती स्क्रूने वरखाली होते. तरफा बिचाऱ्या नावापुरत्याच राहिल्या: त्यांना घुमायला भोपळा नाही आणि गिटारीच्या पटकन बदलणाऱ्या कॉर्डमध्ये एका रागाला जुळवलेल्या तारा काय करणार? बहुतेक वादक त्या बंदच ठेवतात. तरीही हे वाद्य खोटं ठरवू नये. ‘ग्रीन टँबोरिन’, स्टीव्ही वंडरचं ‘साइन्ड, सील्ड, डिलिव्हर्ड’, स्टीली डॅनचं १९७२ चं ‘डू इट अगेन’ यांत ते ऐका. सतारीची नक्कल म्हणून ते नापास होईल. पण झणझणत्या गिटारीचा असा स्वतंत्र आवाज त्याआधी कोणी ऐकला नव्हता.

लोखंडी पडद्यापलीकडच्या गिटारींवर मी थोडक्यात लिहिलंय, कारण त्यातल्या फार थोड्या वाजवण्याजोग्या आहेत. सोव्हिएत टोनिका आणि उराल जड असतात, त्यांना नेहमीचा जॅक नसून रेडिओसारखा पाच पिनांचा सॉकेट असतो, आणि नेक हाताळताना एखाद्या पलंगाचा पाय धरल्यासारखं वाटतं. चेकोस्लोव्हाकियाच्या मात्र दर्जेदार आहेत. ब्रिटनमध्ये १९५९ पर्यंत अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर बंदी होती, म्हणून लिव्हरपूलच्या दुकानांत चेक गिटारी फ्युचुरामा नावाने विकल्या जात, आणि हॅम्बुर्गच्या क्लबांत हॅरिसनच्या हातात होती ती हीच.

आयातीच्या निर्बंधांमुळे वाद्यांचा इतिहास कसा वळतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तेव्हा आपल्याकडे परदेशी गिटार म्हणजे कोणीतरी जहाजावरून आणलेली किंवा परतणाऱ्या पर्यटकाने विकलेली. कोलकात्यात गिवसन, हॉबनर अशा, गिब्सन आणि हॉफनरची आठवण करून देणाऱ्या नावांनी गिटारी बनत होत्या आणि मुंबई-पुण्याच्या कित्येक पोरांची पहिली गिटार तीच असे. इलेक्ट्रिक आवाज मात्र आपल्याकडे रॉकच्या आधीच पोचला होता: व्हॅन शिपली आणि हजारासिंग यांनी मांडीवर आडवी ठेवून वाजवलेल्या हवाईयन गिटारीवर हिंदी गाण्यांच्या धून घराघरांत गेल्या होत्या. पुढे सिमला सिगरेटच्या नावाने भरणाऱ्या सिमला बीट स्पर्धेतल्या बँडच्या १९७० आणि १९७१ च्या एलपी निघाल्या. त्यांतली गिटार ऐकताना हाताशी जे सापडलं त्यातून आवाज काढण्याची धडपड कानाला जाणवते. त्या रेकॉर्डवरच्या खरखरीत मला डॅनिएलच्या हार्डबोर्डाचं नातं ऐकू येतं.

या गिटारी परत आल्या त्या मुख्यतः पैसे नसलेल्या वादकांमुळे. शिकागोच्या हाउंड डॉग टेलरने स्वस्त जपानी गिटारीवर ब्लूज वाजवला आणि १९७१ मध्ये त्याची रेकॉर्ड काढण्यासाठीच ॲलिगेटर ही कंपनी उभी राहिली. १९७४ मध्ये जॉनी रमोनने न्यूयॉर्कच्या दुकानातून सुमारे ५० डॉलरला मॉसराइट घेतली, कारण खिशाला तीच परवडत होती. पंक संगीताचा आवाज त्या गिटारीने ठरवला. फेंडरची जॅझमास्टर १९५८ साली जॅझवाल्यांसाठी काढली होती, त्यांनी ती नाकारली, आणि सत्तरच्या दशकात पडेल भावात मिळते म्हणून टेलिव्हिजन हा बँड, एल्व्हिस कॉस्टेलो, पुढे सॉनिक यूथ यांच्या हातात ती गेली. संग्राहक यांच्या मागून आले. हा क्रम लक्षात ठेवला तर बाजारभावाचा दरारा थोडा कमी होतो.

खरेदीबद्दल. जाहिरातीतल्या ‘ओरिजिनल’ या शब्दापेक्षा आतल्या पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या, पाठीवर छापलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवा. अमेरिकन पॉटवर १३७६४१२ असं असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६४१२ म्हणजे १९६४ सालचा बारावा आठवडा. गिटार त्याआधीची नाही एवढं यावरून नक्की होतं. नंतरची असू शकते, कारण सुटे भाग कारखान्यात पडून राहत. एका विक्रेत्याने मला ‘१९६१ ची, हात न लावलेली’ म्हणून दाखवलेल्या गिटारीतला पॉट १९६६ चा होता आणि सोल्डरचा डाग नवा, चकचकीत. गिटार मी घेतली, भाव मात्र पाडून.

मग वाजती करण्याचं काम. यातल्या पुष्कळ गिटारींच्या नेकमध्ये घट्ट-सैल करता येणारी ट्रस रॉड नाही. डॅनइलेक्ट्रोत दोन पोलादी पट्ट्या आहेत, त्या जागच्या जागी. नेक थोडा वाकला असेल तर तारांची जाडी कमी करून तो सावरतो का ते बघावं. कोन चुकला असेल तर नेकच्या खाचेत लाकडाची पातळ चकती घालावी. नेक तापवून सरळ करणं हा शेवटचा उपाय, आणि तो करणाऱ्याचे हात आधी पाहून घ्यावेत. सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट तारांची. साठच्या दशकात तिसरी तार गुंडाळलेली असे आणि हे ब्रिज तिच्यासाठीच बनले. आजच्या बारीक सेटमधली साधी तिसरी तार लावली की ती वरच्या फ्रेटवर चढी वाजते आणि माणूस म्हणतो, गिटार बेसूर आहे. गुंडाळलेली तिसरी तार लावा, निम्मी तक्रार मिटते.

जुने पॉट बदलू नका, साफ करा. पिकअपचं वेटोळं तुटलं नसेल तर त्याला हात लावू नका, आणि मेणात तर मुळीच बुडवू नका. फ्रेट मात्र झिजले असतील तर खुशाल नवे घाला. झिजलेल्या फ्रेटचं जतन म्हणजे फाटका जोडा घालून फिरण्याचा हट्ट. जुनं सेल्युलॉइड सडताना आम्ल सोडतं आणि पेटीतल्या शेजारच्या धातूला गंज चढवतं; मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे आणखी वेगाने होतं. तसा भाग पिवळा पडून चिरा धरायला लागला की तो काढून, नोंद करून, मोकळ्या हवेत वेगळा ठेवावा. आणि ज्यांना परदेशातून मागवायची आहे त्यांनी फिंगरबोर्डाचं लाकूड विचारून घ्यावं. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि परवान्याशिवाय ते सीमा ओलांडू शकत नाही.

पुस्तकाची प्रकरणं देशांनुसार लावली आहेत, पण त्या क्रमाने वाचण्याचं बंधन नाही. ज्यांना इतिहासापेक्षा वाजवण्यात रस आहे त्यांनी थेट तारा आणि सेटअपच्या प्रकरणावर यावं. जुन्या ॲम्प्लिफायरचं प्रकरण मात्र कोणी वगळू नये. अमेरिकन यंत्र ११७ व्होल्टवर चालणारं, आपली वीज २३० व्होल्टची. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. त्याहून गंभीर म्हणजे त्या काळच्या काही स्वस्त ॲम्प्लिफायरांत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातलेलाच नाही. त्यांचा पत्रा सरळ घरच्या विजेला जोडलेला असतो, वायरीमार्फत गिटारीच्या तारा त्या पत्र्याला, आणि तारांवर तुमची बोटं. दोन पिनांचा प्लग दिसला की जाणकार मेकॅनिककडून यंत्र उघडून तपासून घ्या, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि अर्थिंग बसवून घ्या; तोवर गिटार आजच्या साध्या ॲम्पवर वाजवा, तिथेही ती छान बोलते.